काकूंचं ‘पुट अप विथ’

“शी थ्रू अप, म्हणे.” काकूंनी पावट्याच्या शेंगांची परात भिंतीवर ठेवली. “पाळणाघरातनं फोन. लेक-जावई कामावर, विहीणबाई घरात एकट्या. तिकडनं बाई म्हणते, शी थ्रू अप. आता माणसानं काय समजायचं, सांग.”

“त्या काय समजल्या?”

“थ्रो म्हणजे फेकणं, अप म्हणजे वर. दीड वर्षाचं पोर, भिरकावलं असेल काहीतरी. म्हणून विचारलं, व्हॉट शी थ्रू? बाई म्हणाली, हर लंच. झालं! विहीणबाईंनी सॉरी-सॉरी केलं, आय विल टेल हर, नो थ्रोइंग, असं बजावलं आणि फोन ठेवून दिला.”

“आणि पोर तिकडे ओकतंय.”

“भडाभडा. मग आमच्या लेकीला फोन गेला, ती मीटिंग टाकून धावली. संध्याकाळी घरात काय महाभारत झालं ते विहीणबाई सांगत नाहीत, पण परत आल्यापासनं पाळणाघराचं नाव काढलं की विषय बदलतात. आणि आता मार्चला माझी पाळी. सहा महिने. न्यू जर्सी.”

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतल्या जुन्या बंगल्यांच्या मधल्या भिंती छातीइतक्याच उंच आहेत. नव्या लोकांनी त्यांच्यावर हिरवे पत्रे ठोकून घेतले. काकूंनी आणि मी ते केलं नाही, आणि त्यावरून आमच्याबद्दल काय बोललं जातं तेही आम्हाला ठाऊक आहे. काकू जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे त्यांच्याकडे बातम्या असतात आणि माझ्याकडे, त्यांच्या मते, इंग्रजी.

“पण क्लास लावलाय ना तुम्ही?”

“लावलाय की. पहिल्याच दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा हातात दिला. ए पासून झेडपर्यंत. बॅक आऊट, ब्लो अप, ब्रेक डाऊन, ब्रेक इन, ब्रिंग अप. मी रेटत रेटत सी पर्यंत पोचले. कॉल ऑन, कॉल फॉर, कॉल अप, कॉल ऑफ…” काकू थांबल्या आणि त्यांची नजर गल्लीच्या टोकाच्या गुलाबी बंगल्याकडे गेली. “ह्यावरनं आठवलं. जाऊ दे, नंतर सांगते. तर तिथं गाडी रुतली. पाचवं पाठ होईपर्यंत पहिलं विसरतं. रात्री झोपेत ऑन-ऑफ, ऑन-ऑफ चाललेलं ऐकून हे म्हणाले, फ्यूज गेलाय का?”

असल्या याद्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. अकारविल्हे लावलेली यादी शोधायला बरी, शिकायला नव्हे. ब्रिंग अप आणि ब्रेक इन शेजारी बसतात ते केवळ दोघांचं पहिलं अक्षर एक म्हणून. एक पोर वाढवण्याचं काम, दुसरं घर फोडण्याचं. पण क्लासवाले याद्याच देतात, कारण यादी दिली की शिकवल्यासारखं दिसतं.

“तुम्ही एकट्या नाही, काकू. १७५५ साली लंडनात सॅम्युअल जॉन्सननं इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यानंच लिहून ठेवलंय, की परक्या माणसाला आमच्या भाषेत सगळ्यात जड जातं ते हेच. साधं क्रियापद घ्यायचं, मागं एक शेपूट जोडायचं आणि अर्थ भलतीकडे न्यायचा.”

“फ्रेझल व्हर्ब असंच म्हणाला तो?”

“छे, ते नाव १९२५ सालच्या एका पुस्तकात आलं. लोगन पिअरसॉल स्मिथ नावाच्या लेखकाचं पुस्तक, आणि नाव सुचवलेलं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.”

“म्हणजे दुखणं जुनं, बारसं एकशे सत्तर वर्षांनी.” काकूंनी एक शेंग सोलून दाणे परातीत सोडले. “पण आपल्याला शाळेत हे कसं नाही भेटलं गं? आमच्या वडिलांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली होती माझ्याकडनं. वाक्यंच्या वाक्यं पाठ होती.”

“आपलं इंग्रजी पुस्तकातनं आलं म्हणून. पुस्तकात आग एक्स्टिंग्विश करतात, त्रास टॉलरेट करतात, बैठक पोस्टपोन करतात आणि उलटीला व्हॉमिट म्हणतात. घरात मात्र ते लोक आग पुट आऊट करतात, बैठक पुट ऑफ करतात, आणि उलटी तर तुम्ही ऐकलीच.”

“मग मी व्हॉमिट म्हणते की! डॉक्टरला कळणार नाही का?”

“कळेल. तुम्ही खुशाल म्हणा, कुणी हसणार नाही. अडचण तुमच्या बोलण्यात नाही, ऐकण्यात आहे. तुम्ही टॉलरेट म्हणालात तरी समोरची बाई पुट अप विथ म्हणणार.”

“पुट अप मला शिकवू नकोस हं. अख्खी नोकरी पुट अप करण्यात गेली. फाइल पुट अप करा, टिपणी पुट अप करा. साहेब बाहेरगावी असले की शेरा, पुट अप ऑन रिटर्न.”

“तेच ते. फाइल पुट अप करणं ही आपल्या कचेऱ्यांची बोली. त्याला विथ जोडलं की सहन करणं. खपवून घेणं.”

काकूंनी क्षणभर विचार केला. “म्हणजे ऑफिसात फाइल पुट अप केली आणि घरी ह्यांना पुट अप विथ केलं.”

“व्याकरण चुकलंय, पण वाक्य अगदी बरोबर आहे. आय पुट अप विथ हिम, म्हणायचं.”

“आय पुट अप विथ हिम.” काकूंनी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात, घराकडे तोंड करून. “हे बघ, हे नाही विसरणार मी.”

आणि नाहीच विसरल्या. त्या दिवसापासून आम्ही झेरॉक्सचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि गल्ली घेतली. माझ्या बऱ्याच दिवसांपासून मनात होतं ते हे, की ही क्रियापदं अर्जासाठी किंवा भाषणासाठी जन्मलेलीच नाहीत. ती जन्मली चहाड्यांसाठी. भांडण झालं, फॉल आऊट. पुन्हा गूळपीठ जमलं, मेक अप. कुणी कुणाला झापलं, टेल ऑफ. मोठेपणा मिरवला, शो ऑफ. कुणाला तुच्छ लेखलं, लुक डाऊन ऑन. चोरी पचली, गेट अवे विथ. भानगड झाकली, कव्हर अप. आणि बाहेर आली की फाइंड आऊट. पोरगी कुणाबरोबर पळाली तर रन ऑफ विथ, आणि न पळता नुसतंच चोरून चाललं असेल तर कॅरी ऑन विथ. माणसाचा स्वभाव, संसार आणि भाऊबंदकी सांगायला लागणारं जवळजवळ सगळं सामान इथंच भरून ठेवलंय, आणि आपण ते शिकवतो पंखा, दिवा आणि नळ ह्यांच्या उदाहरणांनी.

“कोपऱ्यावरच्या दोघा भावांपासनं सुरुवात करू,” मी म्हटलं.

“गटारावरनं भांडले ते?”

“दे फेल आऊट.”

“ओव्हर गटार?”

“ओव्हर द गटार. चालेल. भांडण कशावरनं ते ओव्हरनं सांगतात.”

“आणि जावाजावांचं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिटलं. दे मेक अप?”

“मिटलं ना? मग दे मेड अप.”

“बायकांनी मेक-अप केला असं नाही का व्हायचं ते?”

हा प्रश्न फार मोलाचा होता, आणि तो माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरानं अजून विचारलेला नाही. आपण मराठी माणसं सगळे शब्द एका पट्टीत म्हणतो. इंग्रजीत चेहऱ्याचा मेक-अप असेल तर आवाजाचा जोर ‘मेक’वर येतो, भांडण मिटवणं असेल तर जोर सरकून ‘अप’वर जातो. दुकानातल्या चेकआऊटमध्ये जोर पुढं, हॉटेलची खोली सोडून चेक आऊट करताना मागं. काकूंनी हे ऐकलं आणि परातीच्या कडेवर बोटानं ठोका देत दोन्ही म्हणून पाहिले. हार्मोनियमच्या परीक्षा दिलेल्या आहेत त्यांनी; जोर कुठं पडतो ते त्यांना माझ्याआधी कळलं.

तसं बघायला गेलं तर निम्मी क्रियापदं आपल्या ओसरीवर येऊन बसलेलीच आहेत, फक्त नामं होऊन. पोराचं ब्रेकअप होतं, काकांचं चेकअप होतं, गाडी पिकअप घेत नाही, कॉलेजचा कटऑफ वर जातो, गुरुवारी लाइटचं शटडाऊन असतं, आणि पेन्शनच्या कामाचा फॉलोअप करून करून चप्पल झिजते. पण आपण त्यांना करणं-होणं-घेणं लावून मराठी करून टाकलं, त्यामुळे मूळच्या क्रियापदाचा हात सुटला. पिकअप म्हटलं की काकूंना भाजीचा टेम्पो आठवतो. पाळणाघराची बाई ‘कॅन यू पिक हर अप?’ म्हणाली, तर ती पोरीला घेऊन जायला सांगतेय हे ध्यानात यायला वेळ लागतो.

“आणि पासआऊट?” काकूंनी विचारलं. “आमचा नातू पासआऊट झाला म्हणून सांगायचंय सगळ्यांना.”

“ते तेवढं नका सांगू. तिकडे पास्ड आऊट म्हणजे बेशुद्ध पडला. लोक विचारतील, डोक्याला लागलं नाही ना?”

“काहीतरीच! खडकवासल्याला पासिंग आऊट परेड असते की. पेपरात फोटो येतो.”

“असते, आणि ती बरोबरच आहे. लष्करी शिक्षण पुरं झालं की पासिंग आऊट, हे ब्रिटिश सैन्याचं बोलणं. आपण ते उचललं आणि बी.कॉम.लाही लावलं. भारतात सगळ्यांना कळतं, म्हणून इथं त्यात चूक काही नाही. न्यू जर्सीत मात्र ग्रॅज्युएट झाला म्हणा.”

“मग आमचा नातू त्या अर्थानंही झालाय पासआऊट. निकालाच्या दिवशी.”

शब्द कुठं ठेवायचा ही पुढची कटकट, आणि ती वरच्या टाकीनं सोडवली. रोज चारच्या सुमाराला काकूंची मोटार चालू असते आणि टाकी भरली की पाणी आमच्या कढीपत्त्यावर पडतं. मी म्हटलं, आज काकांना इंग्रजीत ओरडा.

“अहो, टर्न ऑफ द मोटर!”

“बरोबर. टर्न द मोटर ऑफ, हेही बरोबर. आता मोटारीचं नाव न घेता.”

“टर्न ऑफ इट!”

“इथंच सगळे पडतात. इट, हिम, हर, देम असलं काही आलं की ते मध्येच बसवायचं. टर्न इट ऑफ. पिक हर अप. पुट इट ऑफ.”

“म्हणजे नाव घेतलं तर कुठंही चालतं, आणि नुसतं ‘ते’ म्हटलं तर मध्ये.”

“हो. पण लुक आफ्टर घेतलंत तर ते फुटत नाही. लुक आफ्टर हर. लुक हर आफ्टर नाही. पुट अप विथ पण अखंड.”

“कुठलं फुटतं, कुठलं नाही, कसं कळायचं?”

“त्याला पक्का नियम नाही. वाक्यच जिभेवर बसवायचं. म्हणून तर म्हणते, टर्न ऑफ असं सुटं पाठ करू नका. टर्न इट ऑफ असंच पाठ करा. जिभेला फुटण्याची सवय आधीपासनं लागते.”

“टर्न इट ऑफ!” काकू ओरडल्या. आतून उत्तर नाही. “टर्न इट ऑफ, अहो!” पाणी कढीपत्त्यावर. “मोटार बंद करा हो!” मोटार बंद झाली. “बघ. ह्यांना पुट अप विथ करते ते असं.”

मराठीत आपण हेच करतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, हे काकूंना सांगितलं तेव्हा त्यांना पटेना. मग त्यांनाच त्यांच्या धाकट्या बहिणीचा जावई आठवला. केरळचा पोरगा, हौसेनं मराठी शिकतोय. सासूबाई म्हणाल्या, ‘मी रागात काहीतरी बोलून बसले.’ तो म्हणाला, ‘उभ्यानं बोलला असतात तर चाललं असतं का?’ जेवून घे आणि जेवून टाक ह्यांतला फरक त्याला अजून कुणी नीट सांगू शकलेलं नाही. घे म्हणजे स्वतःसाठी, टाक म्हणजे एकदाचं उरक. पण ‘देऊन टाक’मधली उदारता आणि ‘बोलून टाक’मधली सुटका ही कुठल्या नियमात बसवणार? आपण टाक, घे, बस, जा, ठेव अशी क्रियापदंच मागं लावतो. इंग्रज अप, ऑफ, आऊट लावतो.

“मग ईट अप म्हणजे खाऊन टाक?”

“अगदी. ड्रिंक अप, पिऊन टाक. यूज अप, वापरून संपव. फिनिश अप, उरकून टाक. ह्या अपमध्ये वर-बिर काही नाही, काम तडीला नेणं आहे.”

“हे कुणी क्लासात का नाही सांगत?” काकू खऱ्याच चिडल्या. “नातीला भरवताना ईट अप, ईट अप म्हणायला किती सोपं आहे. मी तिला म्हणणारच होते, खाऊन टाक बाळा.”

अर्थात प्रत्येक अपला हे लागू नाही. थ्रो अपमध्ये पोरानं काय तडीला नेलं ते विचारू नये. पण थोडी तरी कूळकथा कळली की माणूस यादीला भीत नाही.

एक सवय मात्र मोडायची होती, आणि ती काकूंची एकटीची नव्हे, आपल्या सगळ्यांचीच. कोप अप. काकू म्हणाल्या, ‘आय विल कोप अप विथ द थंडी.’ कोपला अप लागत नाही. नुसतं कोप विथ. कीप अप विथ आणि पुट अप विथ शेजारी असल्यामुळे आपण कोपलाही एक अप बहाल केला असावा, असा माझा अंदाज. भारतभर चालतं, नोकरीच्या अर्जातही दिसतं. लुक फॉरवर्ड टूचं असंच. आय अॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू, असं लिहिणारे माझ्या ओळखीत पुष्कळ. तिथं मीटिंग पाहिजे. हे एवढं काटेकोर काकूंना सांगितलं नाही. त्यांना नात भेटायची होती, प्रबंध लिहायचा नव्हता.

आमची शिकवणी म्हणजे रोज चारला, भिंतीपाशी, गल्लीतली एक ताजी बातमी इंग्रजीत. जुनी चालत नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी नवी गाडी घेतली, तर ‘ही इज शोइंग ऑफ.’ त्यांनी मित्राला दिलेले हातउसने बुडाले, तर काकू म्हणाल्या, ‘ही रोट इट ऑफ.’ राईट ऑफ त्यांना आधीच माहीत होतं, कर्जं राईट ऑफ झाल्याच्या बातम्या वाचून. त्यात ‘इट’ मध्ये बसवलं ते मात्र स्वतःच्या बळावर. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा मुलगा इंजिनिअरिंग सोडून घरी बसला, ‘ही ड्रॉप्ड आऊट.’ प्लंबर तीनदा येतो म्हणून आला नाही, ‘ही डिडन्ट टर्न अप.’ साखर संपली, ‘वुई रॅन आऊट ऑफ शुगर,’ आणि ह्या वाक्याबरोबर एक वाटी भिंतीवरून अलीकडे आली. गॅस संपला हे मात्र मी तिकडे जपून म्हणायला सांगितलंय, कारण अमेरिकेत गॅस म्हणजे पेट्रोल, आणि समोरचा माणूस विचारेल गाडी कुठं बंद पडली. विमानात फॉर्म दिला तर ब्रिटिश तो फिल इन करतो, अमेरिकन फिल आऊट. काकू म्हणाल्या, दोघंही भरतातच ना, मग झालं.

मध्येच त्यांना धीर सुटायचा. “ती श्रीदेवी न्यूयॉर्कला जाऊन चार आठवड्यांत शिकली. पुण्याचीच दाखवलीय ना, शशी गोडबोले? लाडू करणारी?”

“ते २०१२ सालचं पिक्चर, काकू. तिला बोलायची वाक्यं गौरी शिंदेनं लिहून दिली होती. तुमची तुम्ही तयार करताय.”

“ते मात्र खरं. आणि लाडूही मला तिच्यापेक्षा बरे जमतात.”

परवा विहीणबाईंचा फोन आला, तेव्हा काकूंनी मुद्दाम स्पीकर लावला आणि मला खूण केली. विहीणबाई सावध करत होत्या, की पाळणाघरातल्या बायका फार भरभर बोलतात. काकू शांतपणे म्हणाल्या, “ड्रॉप-ऑफला काही बोलत नाहीत ना? पिक-अपच्या वेळीच सगळं सांगतात. शी अॅक्टेड अप म्हणाल्या तर त्रास दिला, शी कामड डाऊन म्हणाल्या तर शांत झाली.” तिकडे बराच वेळ शांतता होती. मग विहीणबाई म्हणाल्या, “तुम्ही क्लास कुठला लावलाय?” काकूंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि स्टेशन रोडच्या त्याच झेरॉक्सवाल्या क्लासचं नाव सांगून टाकलं. ह्या गोष्टीचा मला जरासा राग आहे.

पावटे सोलून संपत आले होते. मला कुकर लावायचा होता, पण गुलाबी बंगल्याकडे त्यांनी टाकलेली पहिल्या दिवसाची ती नजर मी विसरले नव्हते.

“काकू, ती बातमी राहिली. सी पाशी अडकलेली.”

काकूंनी आधी गल्लीच्या ह्या टोकाला बघितलं, मग त्या टोकाला.

“दे कॉल्ड इट ऑफ.”

‘इट’ बरोब्बर मध्ये पडलं होतं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. “काय? अहो, साखरपुड्याला जेवून आलो की आपण!”

“द बॉय बॅक्ड आऊट.”

“का पण?”

“ही वॉज कॅरिइंग ऑन विथ समबडी. इन पुणे.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“आय फाऊंड आऊट.”

“पण कुणाकडनं, काकू?”

काकूंनी परात उचलून खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. “ते इंग्रजीत नको. ये अशी, भिंतीला लागून उभी राहा.”